पूजेला मांडलेल्या घोड्या

अण्णा,

परवा तुझ्या बाजारातला एक माणूस येऊन गेला. व्यापाऱ्यांच्या अंकात तुझ्यावर पानभर छापायचं आहे म्हणे. जन्म कुठला, कापडाचं दुकान कधी टाकलं, स्वभाव मनमिळाऊ, असं सगळं त्याला हवं होतं. मी म्हटलं, ते त्यांच्या मुलाकडून घ्या. मला जे लिहायचंय ते छापण्याजोगं नाही आणि तुझ्याखेरीज कुणाला उद्देशून लिहिण्याजोगंही नाही. म्हणून हे तुलाच.

खंडेनवमीला आज तेवीस दिवस झाले. त्या दुपारी जेवण झाल्यावर तू आपल्या अप्पांच्या जुन्या मोटारीखाली शिरलास आणि गाडी जॅकवरून घसरली. गॅरेजवाले ज्यांना घोड्या म्हणतात त्या तुझ्यापासून चार पावलांवर होत्या. चार पायांचे भक्कम लोखंडी आधार. जॅकनं गाडी उचलली की तिच्याखाली सरकवायचे, म्हणजे जॅकनं दगा दिला तरी गाडी माणसावर येत नाही. त्या दोन्ही घोड्या पाटावर होत्या, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून. त्या मी मांडल्या होत्या. तू फोन करून विचारलंस तेव्हा 'आज उचलू नकोस' असंही मीच सांगितलं. एवढं कुणालाच ठाऊक नाही. लोकांना ठाऊक आहे ते असं की वैनीला माहेरी जायचं होतं म्हणून तू गाडीखाली गेलास.

मी रडून लिहीत नाहीये हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मला ते जमत नाही, आणि तूच त्यावरून मला चिडवायचास. तारिहाळच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा सुरक्षेचं काम बघण्यात. कुणाचं बोट गेलं, कुणाच्या डोळ्यात ठिणगी उडाली की कागद माझ्याकडे यायचा. त्या कागदात नशीब लिहायला जागा नव्हती. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, एवढंच. रडत लिहिलेला कागद साहेब परत पाठवायचे, कारण त्यात हमखास काहीतरी राहून गेलेलं असायचं. तर हेही तसंच लिहिते.

तुझ्या त्या शेडवरून आपण किती भांडलो! घरामागं पत्र्याचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, आणि फरशीला गटाराकडं उतार, पाणी वाहून जावं म्हणून. आत अप्पांची करडी मोटार, एक सुटी केलेली स्कूटर आणि एक जीप, जी तू बारा वर्षं 'ह्या दिवाळीला रस्त्यावर आणतो' म्हणत होतास. दुकानातून आलास की हातपाय धुवायचे आणि पुन्हा घाण करायला शेडमध्ये जायचं. वैनी म्हणायची, ह्यांना धुतलेले हात बघवत नाहीत.

मी काही सांगायला गेले की तुझं एक ठरलेलं उत्तर होतं. "एन आगंगिल्ल बिडु." काही होत नाही, सोड. मराठीत आपण भांडण सुरू करायचो आणि तू ते कन्नडमध्ये संपवायचास, म्हणजे मला पुढं बोलायला जागाच उरायची नाही.

ती पावसाळ्यातली संध्याकाळ आठवते? झड आत येत होती म्हणून तू शेडची दोन्ही दारं लावून घेतलीस आणि इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर जुळवत बसलास. मी चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीची भजी घेऊन आले आणि तिथंच डब्यावर टेकले. थोड्या वेळानं माझं डोकं जड झालं. तुझंही झालं असणार, कारण तू एकच स्क्रू तीनदा फिरवलास आणि तीनदा तोच फिरवतोयस हे तुला कळलं नाही. वर म्हणालास, "मिरचीचं तेल जुनं दिसतंय की गं." तेवढ्यात जुन्या हुबळीचा दस्तगीर आला. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेला माणूस. त्यानं काही न विचारता आधी दारं उघडली, मग चावी फिरवून इंजिन बंद केलं, आणि तुझ्या दंडाला धरून तुला पावसात उभं केलं. "अण्णावरे, आधी बाहेर. बोलायचं ते बाहेर." मग मला म्हणाला, "अक्का, काळा धूर खोकला आणतो, माणूस पळतो. हा दिसत नाही. हा झोपवतो." तू पावसात उभा राहून म्हणालास, तेलच जुनं होतं. दस्तगीरनं कपाळावर हात मारून घेतला.

आणि पेट्रोलची ती थाळी. स्वयंपाकघरातली चांगली स्टीलची थाळी नेऊन तू तिच्यात पेट्रोल ओतायचास आणि सुटे भाग धूत बसायचास. त्याच शेडमध्ये भिंतीवर मारुतीची तसबीर, आणि वैनी दिवेलागणीला तिच्यापुढं निरांजन लावायची. तुमच्या दोघांच्या मध्ये पाच-सहा फुटांचं अंतर. मी एक दिवस तसबीर काढून बाहेरच्या भिंतीला लावली. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "देवाला घराबाहेर काढलंस, तंगी." रागावलास तरी धाकटी बहीण म्हणून तंगीच म्हणायचास. मी म्हटलं, "देवाला नाही, दिव्याला." वैनी हसली, तू हसला नाहीस. पण मारुती बाहेरच राहिला.

लुंगीचं टोक इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं ते मी सांगत बसत नाही. त्यात तुझी अब्रू आणि लुंगी एकदमच गेली होती. त्यानंतर मात्र तू शेडमध्ये पँट घालायला लागलास.

ह्या सगळ्या भांडणांत तू एकदाच असं काही बोललास की मला उत्तर सुचलं नाही. मी तुला कारखान्यातल्या एका अपघाताबद्दल सांगत होते. तू पाना खाली ठेवलास आणि म्हणालास, "तुझ्याकडं फक्त पडलेल्यांचे कागद येतात, तंगी. दिवसभर काम करून नीट घरी गेलेल्यांचा कागद कोण लिहितं? तुला सगळं जग पडलेलंच दिसणार की." मला राग आला. मी उठून घरी गेले. त्यावर काय बोलायचं ते मी नंतर कितीतरी वेळा ठरवलं, पण तो विषय तुझ्यापुढं पुन्हा काढला नाही. तुझं निम्मं बरोबर होतं, अण्णा. मी माणूस बघितला की आधी त्याचे हात बघते, बोटं पुरी आहेत का म्हणून. हे काही जगायचं लक्षण नव्हे.

आणि त्याच मोटारीनं तू मला घरी आणलं होतंस, हेही लिहिलं पाहिजे. कोल्हापूरला माझं लग्न टिकलं नाही तेव्हा मी फक्त 'ये' एवढाच निरोप पाठवला होता. तू पहाटे निघून दुपारी दारात. माझी ट्रंक उचललीस, डिकीत ठेवलीस, आणि तिथल्या माणसांना नमस्कार करून गाडी चालू केलीस. हुबळी येईपर्यंत तू मला एक प्रश्न विचारला नाहीस. सगळी वाट क्लचप्लेटवर बोलत होतास. ती कशी झिजते, झिजली की कसा वास येतो, लोक उगीच पाय ठेवून कसे चालवतात. मी तेव्हा मनात म्हणत होते, ह्याला काही कळत नाही. पुढं कधीतरी लक्षात आलं की तुला सगळं कळत होतं, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलता येण्यासारखा तेवढाच एक विषय तुझ्याकडं होता. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मग गोकुळ रोडच्या बाजूच्या मोकळ्या जागेत त्याच गाडीवर तू मला चालवायला शिकवलंस. म्हणालास, आता कुणाला 'ये' म्हणायची वेळ यायला नको.

घोड्यांचं सांगते. तू आधी विटा लावायचास. गाडी उचलायची, चाकाच्या जवळ एकावर एक तीन विटा, आणि खाली शिरायचं. वीट आधी तडकत नाही, एकदमच फुटते, हे मी तुला दहादा सांगितलं असेल. शेवटी एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी दारामागून त्या दोन घोड्या काढून तुझ्यापुढं ठेवल्या. तू हातातलं पाकीट तसंच धरून बघत राहिलास. "ओवाळणी भावानं घालायची असते गं," म्हणालास. मी म्हटलं, "ह्या ओवाळणीमुळं मला भाऊ राहणार आहे." हे वाक्य मी आता लिहू नये, पण म्हटलं होतं खरं. त्या दिवसापासून विटा बंद झाल्या. आधी तू कुरकुरलास, मग सवय झाली, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर तू बदललासच. ग्राइंडर लावताना चष्मा. कोपऱ्यात वाळूची बादली. गाडीखाली एकट्यानं जायचं नाही, दस्तगीर नाहीतर वैनी बाहेर बसलेली हवी. मला वाटायचं, चला, सव्वीस वर्षांत निदान एक कामगार तरी सुधारला.

आता त्या दिवसाचं.

खंडेनवमीला सकाळी वैनी पुरणाच्या होळिग्यांत गुंतलेली, म्हणून शेडमधली पूजा मी मांडते म्हटलं. दरवर्षी तूच करायचास. मी सगळे पाने रॉकेलनं पुसले, हातोड्या, मोठा जॅक, चाकामागं लावायचे दोन लाकडी ठोकळे, सगळं पाटावर ओळीनं ठेवलं. घोड्या मी मुद्दाम मध्ये ठेवल्या. त्या माझ्या होत्या ना. इतकी वर्षं ज्यावरून भांडले ती वस्तू तुझ्या घरच्या पूजेत मध्यभागी बसलेली बघून मला बरं वाटलं. माळसुद्धा त्यांनाच मोठी घातली.

गंमत म्हणजे कारखान्यात मी हे कधी चालू दिलं नव्हतं. तिथं खंडेनवमीला पोरं उत्साहानं सगळ्याच वस्तूंना हार घालायची. मी सकाळी सातला जाऊन बघायची की यंत्र बंद करायच्या लाल बटणावर हार आलेला नाही, आग विझवायचे सिलिंडर पूजेच्या ढिगात गेलेले नाहीत, औषधांची पेटी भिंतीवरच आहे. ज्यावर जीव अवलंबून आहे ते पूजेत अडकवायचं नाही, पूजा करायचीच तर जागेवर करा. नव्या साहेबाला हे सांगताना माझा आवाज चढला होता. आणि तुझ्या घरी मी तेच केलं. कारण ते कामाचं ठिकाण नव्हतं, भावाचं घर होतं.

मग तू कोहळा फोडलास, चाकांखाली लिंबं ठेवलीस, आणि गाडी पुढं घेऊन ती चिरडलीस. रिवाजाप्रमाणं गाडी तिथंच थांबवलीस. म्हणजे अर्धी शेडमध्ये, अर्धी उताराच्या तोंडाशी. आपण सगळे हसत जेवायला गेलो. गाडी मागं घ्या असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

जेवून मी माझ्या घरी आले, दोन गल्ल्या पलीकडं, आणि आडवी झाले. तुझा फोन आला.

"तंगी, मागच्या डाव्या चाकापाशी ओल दिसायलीय. ब्रेकचं तेल गळायलंय वाटतंय."

"बरं मग?"

"उद्या दसऱ्याला बन्नीचं सोनं द्यायला हिला माहेरी, कलघटगीला न्यायचंय. त्या घोड्या उचलू काय?"

"आज नको रे. पुजलेल्या आहेत. उद्या सकाळी उचल."

"आयतु बिडु. बरं, उचलत नाही. नुसतं बघतो."

"बघ," मी म्हटलं, आणि फोन ठेवून झोपले.

मला वाटलं, तू टॉर्च घेऊन वाकून बघशील. तुला वाटलं, पाटावरचं काही हलवायचं नाही, पण डिकीतला गाडीचा जॅक पूजेत नाही, तो चालतो. त्या जॅकला मी हळदकुंकू लावलं असतं तर आज तू असतास. तो राहून गेला होता.

हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, आणि मागचंच चाक उचललं की गाडीला धरणारं फारसं काही राहत नाही. हे मला गोकुळ रोडला तूच शिकवलं होतंस. ठोकळे पूजेत. फरशी उतरती. दस्तगीर त्याच्या गॅरेजच्या पूजेत, वैनी आत भांड्यांत. चार वाजता ती चहा घेऊन आली.

कारखान्यात आम्ही एकच प्रश्न परत परत विचारायचो. का झालं? गाडी घसरली. का? खाली आधार नव्हता. का नव्हता? घोड्या पूजेत होत्या. मग उचलल्या का नाहीत? विचारलं होतं, नको म्हणाले. इथं आल्यावर पुढचा प्रश्न 'का' नसतो, 'कोण' असतो. मी हा कागद ह्या तेवीस दिवसांत मनात निदान शंभरदा लिहिला असेल, आणि दर वेळी ह्याच ओळीपाशी थांबले.

लोक भेटायला आले. कुणी म्हणालं, वेळ आली होती. तुझा एक चुलत मेहुणा म्हणाला, खंडेनवमीला अवजाराला हात लावला, देवीला चाललं नाही. मला त्याला बाहेर काढावंसं वाटलं, पण मी चहा आणून दिला. वैनी प्रत्येकाला एकच सांगत होती. "मीच म्हटलं होतं कलघटगीला जाऊया म्हणून. मीच पाठवलं त्यांना खाली." ती हे सपाट आवाजात सांगायची, पत्ता सांगावा तसं. आणि मी तिच्या शेजारी बसून गप्प राहायची.

तुझा रोहित बेंगळूरहून आला, तुझं सगळं त्यानं नीट केलं. दहाव्याला मात्र सगळ्यांसमोर आईला म्हणाला, "एवढं माहेरी जायचं होतं तर टॅक्सी करून दिली असती की मी. त्या डबड्यातच जायला पाहिजे होतं काय?" तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही. फोन मला करतो. "आत्या, आईनं गोळ्या घेतल्या का विचार." ती शेजारीच बसलेली असते. मी विचारते, ती हो म्हणते, मी त्याला हो म्हणून सांगते. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं, अण्णा. मी उघडलं नाही. मला भीती वाटली. मला तुमच्या तिघांखेरीज कोण आहे? त्यातला तू गेलास. हे सांगितल्यावर उरलेली दोघंही गेली तर मी कुठल्या दारात जायचं, हा हिशेब मी केला आणि वैनीला तुझ्या मरणाची धनी होऊ दिलं. दुसऱ्या कुणी असं केलेलं मला कळलं असतं तर मी त्याला माणसात धरलं नसतं.

आज भाऊबीज आहे. घरात सुतकाचं वर्ष, त्यामुळे काहीच नाही. मी मुद्दाम आजचा दिवस निवडलेला नाही, पण सकाळपासून दुसरं काही करायला नव्हतं म्हणून हे लिहायला बसले. लिहिता लिहिता इथवर आले, आणि आता मला बसवत नाही. मी वैनीकडं जाऊन येते.

*

संध्याकाळ झालीय. जाऊन आले.

वैनी मागच्या दारी शेंगा सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पूजा मी मांडली, तुझा फोन आला, तू घोड्या उचलू काय विचारलंस, मी नको म्हटलं, 'बघ' म्हटलं. एकही शब्द इकडचा तिकडं केला नाही. सांगून झालं तरी ती सोलतच होती.

मग म्हणाली, "ठाऊक आहे की मला, वन्सं. ह्यांचे हात तेलानं माखलेले. फोन ओट्यावर ठेवून बोलत होते. मोठ्यानं लावला होता. मी तिथंच भांडी घासायलते."

मी तिच्या शेजारी बसले.

"मग तुम्ही सगळ्यांना मीच पाठवलं, मीच पाठवलं का सांगत होतात?"

"मी पण म्हटलंच होतं की कलघटगीला जाऊया. खोटं कुठं सांगितलं?"

"वैनी, रोहित तुमच्याशी बोलत नाही."

"माझा पोरगा आहे तो. किती दिवस नाही बोलणार? एक महिना, दोन महिने. मग येईलच की." तिनं सालं पदरातून झटकली. "तुम्ही त्याची आत्या. आत्याला माणसं सोडतात, वन्सं. आईला सोडता येत नाही. म्हणून म्हटलं, माझ्यावरच असू दे ते."

अण्णा, तू इतकी वर्षं म्हणायचास की हिला काही समजावून सांगायचं म्हणजे डोंगर चढायचा. तुझी बायको हे सगळं पहिल्या दिवसापासून जाणून होती. तू गेल्याच्या चौथ्या तासाला, पोलीस पंचनामा करत असताना, तिनं माझ्याकडं एकदा बघितलं होतं. मला वाटलं होतं, पाणी हवंय. मी पाणी आणून दिलं. त्या वेळीच तिनं ठरवलेलं होतं.

मी तिला म्हटलं, हे मला चालणार नाही. ती म्हणाली, "आता बोलून काय व्हायचंय?" मी तिच्यादेखतच रोहितला फोन लावला. तिनं हात पुढं केला, फोन घ्यायला की बंद करायला ते मला कळलं नाही, पण मी सरकून बसले.

त्याला सगळं सांगितलं. तुला आत्ता लिहिलं तेवढंच, त्याच क्रमानं. घोड्या कुणी मांडल्या, तू काय विचारलंस, मी काय म्हटलं, आणि त्याच्या आईला हे ठाऊक असून ती का गप्प बसली. मध्येच मला वाटलं फोन कटला. बघितलं तर चालू होता. मी म्हटलं, "रोहित, ऐकतोयस ना?"

"हं."

मागं कुठंतरी त्याच्या गल्लीतले फटाके वाजत होते.

मग म्हणाला, "आत्या, आईला दे फोन."

मी दिला. वैनीनं तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावला आणि "हं बोल की रे" म्हणाली. मी उठून पुढच्या पायरीवर येऊन बसले. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा अशी मोकळी रडली.

माझ्यासाठी त्यानं काही निरोप ठेवला नाही, आणि मीही विचारला नाही. तो माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, मला माहीत नाही. नाही बोलला तर त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तू विचारलं होतंस, अण्णा. इतकी वर्षं मी तुला म्हणत आले की गाडीखाली जायच्या आधी एकदा विचार, आणि त्या दिवशी तू विचारलंस. चूक तुझी नव्हती. वैनीची नव्हती. माझी होती. मला माफ कर.

तुझी तंगी